मुलीनं पाण्याच्या सूत्रातला आकडा बदलून समीकरण जुळवलं. तिला नेमकं काय समजावू? (दहावी, मराठी माध्यम)

विजापूरवेस

माझी मुलगी यंदा दहावीला आहे. काल रात्री जेवणं झाल्यावर वही घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. हायड्रोजन अधिक ऑक्सिजन, तयार होतं पाणी, हे समीकरण संतुलित करायचं होतं. डावीकडं ऑक्सिजनचे दोन अणू, उजवीकडं एकच. तिनं काय केलं, पाण्याच्या एच-टू-ओमधल्या ओच्या खाली एक छोटा दोन काढला. झालं! दोन्हीकडं दोन हायड्रोजन, दोन्हीकडं दोन ऑक्सिजन.

क्लासमध्ये त्यावर लाल फुली मारून शेजारी बरोबर उत्तर लिहून दिलंय. का चुकलं ते कुणी सांगितलं नाही. ती मला विचारते, "आई, तूच मोजून बघ ना. दोन्हीकडं सारखेच आहेत की. मग फुली का?"

मी कॉमर्सची. रसायनशास्त्राला दहावीनंतर हात लावला नाही. मीही मोजून बघितलं आणि मलाही ते बरोबरच वाटलं. "खालचा आकडा बदलायचा नाही, असा नियम आहे" एवढंच सांगू शकले. ती म्हणाली, "नियम कुणी केला?" यावर मी गप्प बसले. मार्कांचं सोडा, पण पोरीनं विचारलेला प्रश्न चांगला आहे आणि त्याला उत्तर मिळायला हवं असं मनापासून वाटतं. म्हणून इथं विचारते. संयुजा आणि मोल यांतही तिचा गोंधळ आहे, पण आधी हे.

---

पूर्वभाग

ताई, मुलीनं मोजणीत काहीच चूक केली नाही. फक्त तिनं पाणी बनवलं नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड बनवला!

एच-टू-ओ-टू म्हणजे पेरॉक्साइड. मी २६ वर्षं डाईंगमध्ये, म्हणजे सूत रंगवण्याच्या कामात काढली. टॉवेलचं कोरं सूत पिवळट असतं, ते पांढरं करायला आम्ही हाच वापरतो. पन्नास टक्क्यांचे निळे कॅन येतात. दिसायला अगदी पाणी. रंग नाही, फारसा वासही नाही. नवीन पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी त्याला मी हेच सांगायचो, कॅनमध्ये पाणी दिसतंय पण हे पाणी नाही. एकदा हातमोजा फाटका होता, बोटावर दोन थेंब पडले. मिनिटाभरात कातडी खडूसारखी पांढरी झाली आणि सुया टोचल्यागत झोंबायला लागलं. नळाखाली हात धरून कितीतरी वेळ उभा होतो.

तर तिला सांगा, तो खालचा छोटा दोन म्हणजे एवढा फरक. एक आपण तहान लागल्यावर पितो, दुसऱ्यानं कातडी भाजते. हायड्रोजन तेवढाच, फक्त ऑक्सिजनचा एक अणू जास्त.

---

खडूफळा

पूर्वभाग यांनी जे सांगितलं त्याहून चांगलं उदाहरण मला ३१ वर्षं शिकवताना सापडलं नव्हतं. वर्गात नक्की वापरलं असतं.

ताई, घरात फुटाणे आणि शेंगदाणे असतीलच. फुटाणा म्हणजे हायड्रोजनचा अणू, शेंगदाणा म्हणजे ऑक्सिजनचा. लहान वाट्या घ्या. एक वाटी म्हणजे एक रेणू. हायड्रोजनच्या वाटीत दोन फुटाणे. ऑक्सिजनच्या वाटीत दोन शेंगदाणे. पाण्याच्या वाटीत दोन फुटाणे आणि एक शेंगदाणा.

आता खेळाचा नियम सांगा. वाट्या कितीही घे. पण वाटीतलं काही कमी-जास्त करायचं नाही, कारण वाटीत काय आहे यावरच तो पदार्थ कोणता हे ठरतं. पाण्याच्या वाटीत एक शेंगदाणा वाढवलास की ती पाण्याची वाटी राहिली नाही. सूत्राच्या आधी लिहितो तो सहगुणक, म्हणजे वाट्यांची संख्या. खाली लिहितो तो छोटा आकडा, म्हणजे वाटीतले दाणे.

तिला स्वतःलाच मांडू द्या. हायड्रोजनची एक वाटी, ऑक्सिजनची एक वाटी घेतली की पाण्याची एक वाटी होते आणि एक शेंगदाणा उरतो. उरलेल्या शेंगदाण्याला अजून दोन फुटाणे हवेत. म्हणजे हायड्रोजनची आणखी एक वाटी. दोन वाट्या हायड्रोजन, एक वाटी ऑक्सिजन, तयार होतात दोन वाट्या पाणी. वाट्या तीनच्या दोन झाल्या, पण दाणे सहा होते ते सहाच राहिले. इथं तिला जरा थांबवा आणि विचारा, काय बदललं आणि काय टिकलं? हा प्रश्न तिला स्वतःला सुटला पाहिजे. आपण सांगून टाकलं तर त्याची गंमत जाते आणि लक्षातही राहत नाही.

"नियम कुणी केला?" या प्रश्नावर मला थोडं जास्त बोलायचंय. वेळ मिळाला की रात्री लिहिते.

---

होटगीरोड

मी बीएस्सीला आहे. माझ्या धाकट्या भावाला मी संयुजा, म्हणजे एक अणू किती बंध जोडू शकतो ते, हातांनी शिकवली. हायड्रोजनला एक हात, ऑक्सिजनला दोन, नायट्रोजनला तीन, कार्बनला चार. प्रत्येकाचा प्रत्येक हात कुणीतरी धरलेला असला पाहिजे. ऑक्सिजनचे दोन हात धरायला दोन हायड्रोजन लागतात, म्हणून पाणी एच-टू-ओ. कार्बनचे चार हात, म्हणून मिथेनमध्ये चार हायड्रोजन. भावाला लगेच कळलं. सोडियमला एक हात, क्लोरीनला एक हात, म्हणून मीठ.

---

खडूफळा

हातांची गोष्ट पाणी, मिथेन, अमोनियापर्यंत छान चालते. पेरॉक्साइडही त्यात बसतो, दोन ऑक्सिजन एकमेकांचा एकेक हात धरतात आणि उरलेल्या एकेका हातानं एकेक हायड्रोजन. पण मिठापाशी कृपया थांबा. मिठात कुणी कुणाचा हात धरलेला नसतो.

सोडियमच्या सर्वांत बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, तो जातो. क्लोरीनकडं बाहेर सात, त्याला एक मिळतो. दोघांचं अष्टक, म्हणजे बाहेरच्या कक्षेतले आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण होतं. सोडियम झाला धन आयन (म्हणजे धन प्रभार असलेला कण), क्लोरीन झाला ऋण आयन, आणि विरुद्ध प्रभारांच्या ओढीनं ते एकत्र राहतात. ही ओढ चारी बाजूंनी, वरून, खालून सारखीच असते. त्यामुळं मिठाच्या खड्यात प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. "यातला हा सोडियम या क्लोरीनचा" असं बोट दाखवून सांगताच येत नाही. मिठाचा सुटा रेणू नसतो. सूत्र फक्त प्रमाण सांगतं, एकास एक.

बारकावा वाटेल, पण अकरावीत गेल्यावर मुलं इथंच अडखळतात. आधी मनात बसलेलं चित्र पुसणं हे नवीन शिकवण्यापेक्षा अवघड असतं.

---

होटगीरोड

बाई, हे मान्य. मी भावाला मिठाचं वेगळं सांगते. खड्यात थरावर थर, एक सोडियम, एक क्लोराइड, एक सोडियम, असं चित्र काढून दाखवते.

---

भीमाकाठ

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. आयनांचं उदाहरण तर आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. बोअरचं पाणी ज्या पातेल्यात रोज तापवता त्याच्या तळाला नख लावून बघा. पांढरा, खरखरीत थर. गिझरच्या कॉइलवरही तोच.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. कॅल्शियमवर दोन धन प्रभार, बायकार्बोनेटवर एकच ऋण. म्हणून एका कॅल्शियमला दोन बायकार्बोनेट. सूत्रात कंसाबाहेर खाली जो छोटा दोन असतो, तो इथून येतो. पाणी उकळलं की त्याचं कॅल्शियम कार्बोनेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. कार्बोनेटवर दोन ऋण प्रभार, त्यामुळं आता एका कॅल्शियमला एकच पुरतो, खाली आकडा लागत नाही. हे कार्बोनेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तळाला बसतं. मुलीला हे समीकरण लिहायला सांगा आणि मग मोजायला सांगा. कॅल्शियम एक, हायड्रोजन दोन, कार्बन दोन, ऑक्सिजन सहा. एकही सहगुणक न लावता ते आधीच संतुलित आहे. मुलांना वाटतं प्रत्येक समीकरणात काहीतरी आकडे घालावेच लागतात. तसं नाही.

आता त्या थरावर अर्धं लिंबू पिळा आणि कान जवळ न्या. बारीक चरचर ऐकू येते. तोच कार्बन डायऑक्साइड. मी लहानपणी आजीला चिंच लावून बंब घासताना बघायचे. आम्ल आणि कार्बोनेट हा धडा शाळेत आला तेव्हा मला तो आधीपासून येत होता, फक्त नाव माहीत नव्हतं.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. मुलांना घरी प्रयोग करायला सांगताना लिंबू, व्हिनेगर, खाण्याचा सोडा, हळद यांच्या पुढं जाऊ देऊ नका. संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो जिवावर बेततो. "बघू काय होतं" म्हणून या दोन गोष्टी कधीही, कितीही थोड्या, मिसळायच्या नाहीत. हे समीकरणाच्या आधी शिकवा.

---

खडूफळा

आता "नियम कुणी केला?"

तिला सांगा, कुणीही केला नाही. पाण्यात दोनास एक हे प्रमाण शोधून काढावं लागलं, आणि त्यात मोठमोठी माणसं चुकली. १८०८ मध्ये जॉन डाल्टननं अणुसिद्धान्ताचं पुस्तक छापलं. त्यात पाण्याच्या "अणूत" (आज आपण ज्याला रेणू म्हणतो त्यात) एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, असंच धरलं होतं. दोन पदार्थांचं एकच संयुग माहीत असेल तर ते एकास एक असणार, असं त्यानं गृहीत धरलं. पेरॉक्साइड तेव्हा कुणाला माहीतच नव्हता. तो थेनार यांनी १८१८ मध्ये शोधला.

वजन करणं त्या काळात जमत होतं. पाण्यात १ ग्रॅम हायड्रोजनला ८ ग्रॅम ऑक्सिजन असतो. पाणी उजनीचं असो की बोअरचं की पावसाचं, शुद्ध केल्यावर प्रमाण तेच. पेरॉक्साइडमध्ये १ ग्रॅमला १६. आठाच्या बरोबर दुप्पट, पावणेदोन पट नाही की सव्वादोन पट नाही. अणू अर्धा तोडून जोडता येत नाही, म्हणून मधलं काही मिळत नाही. मला आजही हे आकडे फळ्यावर लिहिताना अंगावर काटा येतो. कुणीही अणू पाहिलेला नसताना तराजूनं तो दाखवून दिला.

पण वजनावरून अणू किती हे कळायला एका अणूचं वजन माहीत हवं, आणि अडचण तिथंच होती. वाट १८११ मध्ये ॲव्होगॅड्रो यांनी दाखवली. तापमान आणि दाब सारखे असतील तर सारख्याच आकारमानाच्या वायूंमध्ये रेणूंची संख्या सारखी. पाण्याचं विजेनं अपघटन केलं की हायड्रोजन दोन मापं मिळतो आणि ऑक्सिजन एक माप. म्हणजे दोनास एक. इतकं सरळ असूनही ते सगळ्यांनी मान्य करायला जवळजवळ पन्नास वर्षं गेली. १८६० मध्ये कार्ल्सरूह इथल्या परिषदेत कॅनिझारो यांनी ते पुन्हा नेटानं मांडलं, तेव्हा हळूहळू सूत्रांतला गोंधळ संपला.

म्हणून ताई, मुलीला चुकीचं वाईट वाटू देऊ नका. वाटीत काय आहे हे वहीत बसून ठरवता येत नाही, ते पदार्थालाच विचारावं लागतं, हे उमगायला माणसाला अर्धं शतक लागलं.

आणि हे घरी बघताही येतं. काचेच्या ग्लासात पाणी, त्यात चमचाभर खाण्याचा सोडा. दोन पेन्सिली दोन्ही टोकांना तासून पाण्यात उभ्या करा, वरच्या टोकांना ९ व्होल्टची बॅटरी तारांनी जोडा. ऋण टोकाच्या पेन्सिलीवर बुडबुडे स्पष्ट जास्त दिसतात, तो हायड्रोजन. मीठ मात्र टाकू नका, मिठानं क्लोरीन सुटतो. खिडकी उघडी ठेवा, काडी-मेणबत्ती जवळ नको.

---

विजापूरवेस

काल वाट्या मांडल्या. सासूबाईसुद्धा येऊन बसल्या. मुलगी एक शेंगदाणा हातात धरून बराच वेळ बघत राहिली आणि मग उठून स्वतःच फुटाण्यांची दुसरी वाटी घेऊन आली. नंतर नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया तिनं मला न विचारता केला, नायट्रोजनला मनुके घेतले. एक वाटी, तीन वाट्या, तयार झाल्या दोन वाट्या.

बाई, डाल्टनचं ऐकून तिचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

मोलचं कुणी सांगेल का? ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात हा आकडा तिला पाठ आहे. कशासाठी आहे ते विचारलं की गप्प.

---

पूर्वभाग

हे मी सुताच्या हिशोबानं सांगतो, बाईंनी चुकलं तर दुरुस्त करावं.

आमच्याकडं सूत नंबरावर ओळखतात. वीस नंबरचं सूत म्हणजे एका पौंडात ८४० वाराचे वीस हँक (लडी) बसतात. म्हणजे पौंडाला १६,८०० वार. चाळीस नंबर त्याहून बारीक, पौंडाला दुप्पट लांबी. आता मला ताण्यासाठी किती वार सूत लागणार हे माहीत आहे. मी काय टेप घेऊन सूत मोजत बसत नाही. काट्यावर ठेवतो. नंबर माहीत असला की वजनावरून लांबी निघते.

मोल मला तसाच वाटतो. अणू एकेक मोजता येत नाहीत, म्हणून काट्यावर मोजायचे. आणि पदार्थ बदलला की तेवढ्याच संख्येला वजन वेगळं, जसं जाड सूत आणि बारीक सूत.

---

खडूफळा

दुरुस्त करण्यासारखं काही नाही. शाळेच्या भाषेत एवढंच जोडते.

हायड्रोजनच्या अणूचं वस्तुमान १ धरलं तर ऑक्सिजनचं १६, म्हणून पाण्याच्या रेणूचं १८. १८ ग्रॅम पाणी घेतलं की त्यात ६.०२२ × १०^२३ रेणू. ३२ ग्रॅम ऑक्सिजन घेतला की त्यातही तितकेच रेणू. हा आकडा म्हणजे "डझन" किंवा "ग्रोस" (बारा डझन) यांसारखा एक गठ्ठा. सध्याच्या व्याख्येत, २० मे २०१९ पासून, तो ६.०२२१४०७६ × १०^२३ असा पक्का ठरवून दिलेला आहे.

औषधाच्या बाटलीवरचं मापाचं टोपण असतं ना, त्यात १८ मिलिलीटर पाणी ओतून मुलीच्या हातात द्या. हा एक मोल. एक घोट आहे फक्त. त्या घोटात किती रेणू आहेत हे तिला आकड्यातली सगळी शून्यं मांडून लिहायला सांगा. हात दुखेल, पण लक्षात राहील.

आणि मग तिला पुन्हा वाट्यांकडं न्या. दोन वाट्या हायड्रोजन, एक वाटी ऑक्सिजन, दोन वाट्या पाणी. वाटीच्या जागी मोल ठेवा. ४ ग्रॅम हायड्रोजन, ३२ ग्रॅम ऑक्सिजन, ३६ ग्रॅम पाणी. तेच समीकरण आता तराजूवर बसलं. मोल वेगळा धडा नाहीच.

---

होटगीरोड

वजनाचं निघालंच आहे तर माझा एक अनुभव. भावाला वस्तुमान अक्षय्यतेचा नियम दाखवायचा म्हणून बाटलीत लिंबाचा रस, फुग्यात पाच ग्रॅम खाण्याचा सोडा, फुगा बाटलीच्या तोंडाला. सगळं स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर. सोडा आत पाडला, फुगा टम्म फुगला आणि काटा एक-दोन ग्रॅमनं कमी दाखवायला लागला! तोंड घट्ट होतं, कुठून गळत नव्हतं. भाऊ म्हणाला, तुझा नियम खोटा.

---

भीमाकाठ

नियम खरा आहे. काटा खोटा नाही, पण हवेत ठेवलाय! फुग्यानं फुगताना जितकी हवा बाजूला सारली, तितका हवेनं त्याला वर उचलून धरला. लिटरभर हवेचं वस्तुमान साधारण सव्वा ग्रॅम. पाच ग्रॅम सोड्यातून दीड लिटरच्या आसपास वायू निघू शकतो, म्हणजे काट्यावर दीड ग्रॅमच्या आसपास घट दिसणारच. फुगा न लावता उघड्या बाटलीत करून बघा. ८४ ग्रॅम सोड्यातून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, त्या हिशोबानं पाच ग्रॅममधून अडीच ग्रॅमहून थोडा जास्त उडून जाईल आणि घट मोठी दिसेल. भावाला दोन्ही करून वहीत लिहायला सांगा. "तुझा नियम खोटा" म्हणणारी मुलं फार मोलाची असतात.

---

विजापूरवेस

आज शेवटचा प्रश्न, मुलीचाच. गुडघा फुटला तेव्हा दवाखान्यात जखमेवर पेरॉक्साइड लावला होता आणि तो पांढरा फेसाळला होता. तिनं वाट्या मांडल्या. पेरॉक्साइडच्या दोन वाट्या, त्यातून पाण्याच्या दोन वाट्या, आणि दोन शेंगदाणे उरले. म्हणते, "उरलेले दोन शेंगदाणे म्हणजे ऑक्सिजनची एक वाटी. फेस तोच ना?" खालचा एकही आकडा तिनं हलवला नाही. बरोबर आहे का?

---

पूर्वभाग

शंभर टक्के बरोबर. रक्तात कॅटलेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते पेरॉक्साइड झटकन फोडतं. सूत पांढरं झाल्यावर त्यात पेरॉक्साइड उरला तर पुढचा रंग फिका बसतो, म्हणून रंगाच्या आधी उरलेला पेरॉक्साइड संपवायला आम्ही जो किलर मारतो त्यातही कॅटलेजच असतं. कॅन नुसता पडून असला तरी हीच अभिक्रिया हळूहळू चालू असते. म्हणून त्याच्या झाकणाला वायू बाहेर पडायला बारीक वाट ठेवलेली असते, आणि उन्हाळ्यात कॅन सावलीत ठेवायचे असतात. नवीन पोरं वाफ जाऊ नये म्हणून वरून घट्ट प्लास्टिक बांधायची, ते मी लगेच सोडायला लावायचो. का ते तुमच्या मुलीला आता सांगावं लागणार नाही.